बाहुलीच्या घराला हरकत कुणाची?

लहान मुलीला बाहुली द्यावी की नाही, हा प्रश्न आपल्या घरांत पूर्वी कुणी विचारत नव्हतं. मावळातल्या गावांत नानी-दादी जुन्या ओढणीच्या चिंध्यांची बाहुली स्वतः शिवून देत. उर्साच्या बाजारातून भातुकली यायची आणि दुपारी ओट्यावर खोटा संसार मांडला जायचा. आता मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचं बयान येतं, ते मोहल्ल्याच्या ग्रुपवर फिरतं आणि एखादी आई मुलीच्या बाहुलीचं तोंड काळ्या शाईने पुसून टाकते. अशा तोंड पुसलेल्या बाहुल्या मी पाहिल्या आहेत. ती बाहुली हातात धरून बसलेली मुलगीही पाहिली आहे.

यंदा पावसाळ्यात लोणावळ्याला आमच्या घरी माझ्या भाचीसाठी बाहुलीच्या घराचं किट आलं. पातळ प्लायवूडच्या पाट्या, त्यांत कापून ठेवलेले नंबर घातलेले तुकडे, भिंतीला लावायचे छापील कागद आणि जोडणीचं पुस्तक. घर उभं राहण्याआधीच दोन हरकती उभ्या राहिल्या. एक म्हणजे हे दीनमध्ये बसत नाही. दुसरी म्हणजे हा इसराफ आहे, उधळपट्टी आहे. दोन्ही हरकती घेणारी माणसं वाईट नाहीत, आपलीच आहेत. म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

पहिली हरकत. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत हजरत आयेशा (र.) यांची हदीस आहे. त्या बाहुल्यांशी खेळत, मैत्रिणी खेळायला येत. रसूलुल्लाह (स.) घरात आले की मैत्रिणी लाजून आत पळत आणि आप (स.) त्यांना पुन्हा खेळायला पाठवत. अबू दाऊदमधली हदीस तर मला फार आवडते. वाऱ्याने पडदा सरकला, मागे बाहुल्या दिसल्या आणि त्यांच्यामध्ये कापडाचे दोन पंख लावलेला एक घोडा. घोड्याला पंख कसे, असं आप (स.) यांनी विचारलं. हजरत सुलेमान यांच्या घोड्यांना पंख होते, हे ऐकलं नाही का, असं आयेशांनी उलट विचारलं. त्यावर आप (स.) मनापासून हसले.

सजीवांच्या प्रतिमांना मनाई मानणाऱ्या अनेक उलेमांनी याच हदीसवरून मुलींच्या बाहुल्यांना सूट दिली आहे. काहींनी ही सूट नंतर रद्द झाली असंही मांडलं, हे लपवायचं कारण नाही. आजच्या प्लास्टिकच्या हुबेहूब चेहऱ्यांच्या बाहुल्यांबद्दल मतभेद आहेतच. एखादं कुटुंब सावधगिरी म्हणून चेहऱ्याची बाहुली घरात ठेवत नसेल, तर त्यांचा मला आदर आहे. पण मतभेदाची गोष्ट मतभेद म्हणून सांगावी. सहा वर्षांच्या मुलीला तिचं खेळणं गुनाह आहे म्हणून धाक घालणं, ही दीनदारी नव्हे.

आणि घराचं काय? घराला तोंड नसतं. चित्रं काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास यांनी झाडाचं आणि निर्जीव वस्तूंचं चित्र काढण्याची वाट दाखवली, हेही बुखारीतच आहे. म्हणजे अगदी कडक मत धरलं, तरी छप्पर, जिना, खिडकी, पलंग यांना हरकत उरत नाही. तरीही बयान सगळ्यावर सरसकट लागू होतं, कारण पूर्ण हदीस वाचायला वेळ लागतो आणि बयान पुढे पाठवायला लागत नाही.

इथे मला आणखी एक गोष्ट खटकते. दिवाळीत लोणावळा, कामशेत, वडगावच्या गल्ल्यांत मुलं किल्ले करतात. आमच्या मोहल्ल्यातली पोरंही त्यात असतात. विटा, दगड, पोत्यावर लाल मातीचा चिखल, मोहरी पेरून केलेली हिरवळ आणि वर मातीचे मावळे. लोहगड तर घरामागचाच. 2025 मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत तो आहे, म्हणून आता आणखी उत्साह. हे व्हायलाच हवं. ज्या मातीत आपण राहतो तिचा किल्ला आपल्या मुलांनी का करू नये? पण पोरगा चिखलात हात घालून किल्ला बांधतो तेव्हा कौतुक, आणि पोरगी प्लायवूडचं घर बांधते तेव्हा मसला! हा फरक हदीसमधून आलेला नाही, आपल्या सवयीतून आला आहे.

दुसरी हरकत इसराफची. पैसे नसतील तर किट आणू नये, एवढं सरळ आहे. बुटाचं खोकं, काडेपेटीचे ड्रॉवर, आईस्क्रीमच्या काड्यांची फरशी, यांतूनही घर होतं आणि छान होतं. पण जिथे केकवर आणि डिजेवर एका संध्याकाळीत हजारो रुपये जातात, तिथे दोन महिने चालणाऱ्या कामाला उधळपट्टी म्हणणं मला पटत नाही. आणि ते खरंच काम असतं. लोणावळ्याच्या जुलैत गोंद वाळत नाही. एक भिंत चिकटवायची, काटकोन तपासायचा, वर वीट ठेवायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. पुस्तकात सगळं सलग दिलेलं असतं, आमच्या हवेत ते आठवड्यावर जातं. कागद लावण्याआधी प्लायवूडला पॉलिश पेपर मारून हात द्यावा लागतो, नाहीतर ओल धरते. हा सबर स्क्रीनवर कुठे शिकायला मिळतो?

या घराची तऱ्हा अमेरिकेतली. क्राफ्ट्समन म्हणतात तिला, तिकडच्या गुस्ताव स्टिकली यांच्या त्याच नावाच्या मासिकावरून. ते 1901 ते 1916 चाललं. पुढे रुंद व्हरांडा, वर निमुळते होत जाणारे चौकोनी खांब, उतरत्या छपराबाहेर डोकावणारे वासे. अशी खरी घरंसुद्धा किटमधून विकली जात. सीअर्स कंपनी 1908 पासून तीसेक वर्षं अशा घरांचं सामान रेल्वेने पाठवत असे. आणि अशा घरांना तिकडे म्हणत बंगलो. हा शब्द आपल्याकडचा, बंगालच्या घरावरून पडलेला 'बंगला'. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे आली आणि पुढे मुंबईच्या धनिकांनी खंडाळा-लोणावळ्याला जे बांधले, तेच हे बंगले. व्हरांडा तोच, वासे तेच. छप्पर मात्र इथे जास्त उताराचं, कारण कॅलिफोर्नियात असा पाऊस पडत नाही. भाचीने बॉक्सवरचं चित्र पाहूनच सांगितलं, "हे तर आपल्या तुंगार्लीतलं घर आहे."

तिला ते ओळखू आलं, कारण तिचे अब्बा एका बंगल्याची देखरेख करतात. म्हणूनच पहिला मजला उभा राहिल्यावर तिने विचारलं, "खाला, यात वॉचमन कुठे राहतो?" पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. उरलेल्या पाट्यांतून आम्ही चार इंचांची एक खोली जोडली. खिडकी कुठे काढायची हे तिने ठरवलं. दरीच्या बाजूला. तिच्या अब्बांच्या खोलीची खिडकी जनरेटरकडे उघडते.

आपल्यातल्या किती कुटुंबांना नाव सांगितल्यावर भाड्याची खोली मिळत नाही, आणि दुसऱ्यांची घरं झाडण्यात किती जणांचं आयुष्य जातं, हे मी वेगळं सांगायला नको. अशा समाजातल्या मुलीने घर कसं असावं याचा विचार करणं, कुणाला कुठली खिडकी मिळावी हे ठरवणं, हा पोरखेळ नाही. तो तिच्याकडून काढून घेतला, तर ती पुढे मिळेल त्या खोलीत मिळेल तशी राहील, आणि यापेक्षा वेगळं काही असू शकतं हे तिला सुचणारच नाही.

मुलग्यांनाही यात घ्या. रसूलुल्लाह (स.) घरी काय करत, असं विचारल्यावर हजरत आयेशांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. जो पोरगा बाहुलीच्या घरात चूल मांडतो, तो मोठेपणी चहाचा कप उचलून ठेवायला लाजणार नाही.

ज्यांना चेहरा खटकतो त्यांनी चिंधीची, बिनचेहऱ्याची बाहुली शिवावी. आपल्या नानी तशाच शिवत. पण शाई आणि कात्री बाजूला ठेवा, आणि मुलीसोबत एक भिंत चिकटवायला बसा.