घास जमिनीवर पडतो तेव्हा

वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलाने वरणभाताचा घास तोंडात घालण्याऐवजी जमिनीवर टाकला, की घरातील प्रत्येक जण आपापल्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ लावू लागतो. आजीला वाटते, दृष्ट लागली. वडिलांना वाटते, लाड फार झाले. आणि ज्या आईने दिवसभराची नोकरी उरकून, पुण्यातील कर्वे रस्त्यावरच्या गर्दीतून वाट काढीत घरी येऊन तो भात मऊ शिजवलेला व तूप-मीठ घालून कालवलेला असतो, तिला तो आपल्या कष्टांचाच अव्हेर वाटतो. अन्नाला परब्रह्म मानणाऱ्या आणि पानात टाकणे हे पातक समजणाऱ्या आपल्या घरांत हा प्रकार मनाला झोंबावा, हे स्वाभाविकच आहे. तथापि या तिन्ही अर्थांना माझी हरकत आहे, कारण तिन्हींत मुलाची कैफियत कोणी ऐकूनच घेतलेली नसते.

ही कैफियत बारकाईने टिपून ठेवणाऱ्यांत स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे अग्रगण्य होते. स्वतःच्या तीन अपत्यांच्या शैशवाचे निरीक्षण करून त्यांनी बालबुद्धीच्या उगमाविषयी लिहिलेला ग्रंथ १९३६ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोराँ या त्यांच्या दहा महिन्यांच्या मुलाची नोंद आहे. पावाचा तुकडा हाती आला असता, तो खाण्याची यत्किंचितही इच्छा न दाखवता हे मूल तो पुन्हा पुन्हा हातातून सोडून देते, त्याचे बारीक तुकडे मोडून तेही टाकते, आणि लवकरच हात निरनिराळ्या दिशांना नेऊन वस्तू कोठे व कशी पडते हे पाहू लागते.

आपल्या घरातील मुलाकडे असेच न रागावता पाहावे. ते घास टाकते, खुर्चीच्या कडेवरून वाकून तो कोठे गेला हे न्याहाळते, आणि तत्क्षणी मान वर करून आईच्या चेहऱ्याकडे बघते. पहिली नजर पदार्थाचा गुणधर्म शोधीत असते: भात पसरतो, पोळीचा तुकडा पडला तरी आवाज होत नाही, वाटी मात्र खणखणते. दुसरी नजर माणसांचा शोध घेते. त्या क्षणी कोणी हसले काय आणि कोणी ओरडले काय, मुलाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच मोलाचे. हा प्रयोग पुन्हा करून पाहण्याजोगा आहे, एवढेच त्याला कळते. शिवाय पूर्वी वाड्यांतून मूल पाटावर किंवा कोणाच्या मांडीवर बसून जेवत असे, तेव्हा घास पडला तरी वीतभर अंतरावर पडे. आजच्या उंच खुर्चीने त्याला कमरेइतकी उंची आणि समोर प्रेक्षकवर्ग आयताच मिळवून दिला आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी मुलाला पुन्हा जमिनीवर, आपल्या पंक्तीला बसवून पाहावे, असे मी आग्रहाने सुचवीन.

याच वयात आणखी एक गोष्ट घडत असते आणि तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. जन्मतः सुमारे ३ किलोंचे असलेले मूल पहिल्या वाढदिवसापर्यंत जवळजवळ ९ किलोंचे होते. परंतु पुढच्या संपूर्ण वर्षात त्याचे वजन दोन-अडीच किलोच वाढते. वाढीचा वेग मंदावला म्हणजे भूकही मंदावणारच. आपण मात्र तीच वाटी, तेवढाच भात, किंबहुना ‘आता मोठा झाला’ म्हणून थोडा अधिकच, घेऊन बसतो आणि शेतसाऱ्याची वसुली करणाऱ्या मामलेदाराच्या निष्ठुरतेने शेवटच्या शितापर्यंत तगादा लावतो. चार-सहा घास नीट खाऊन मग जे मूल फेकू लागते, त्याचे पोट भरलेले असते; ‘पुरे’ हा शब्द त्याला अद्याप बोलता येत नाही, इतकेच. अशा वेळी मोबाईलवर चित्रफीत लावून, त्याची नजर तिच्यात गुंतली असता तोंडात घास सारणे हा उपाय पुण्यातील उपाहारगृहांतून आणि घरांतून सर्रास चालताना दिसतो, आणि तो मला फेकण्यापेक्षा कितीतरी अधिक घातक वाटतो, कारण पोट भरल्याची जी जाणीव निसर्गाने मुलाला दिली आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचेच शिक्षण त्याला त्यातून मिळते. चिऊ-काऊचे घास भरवतानाही आजीची दृष्टी मुलाच्या तोंडाकडे असे. मूल तोंड फिरवी तेव्हा ते तिला दिसे.

मग करावे काय? काय वाढायचे आणि केव्हा, हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे, हे मुलावर सोडावे. ताटलीत एका वेळी दोन चमचे भात आणि पोळीचे दोन तुकडेच असावेत. जेवणाआधीच्या तासाभरात दूध किंवा बिस्किटे देऊ नयेत. पहिल्यांदा फेकले की, ‘नको असेल तर या बशीत ठेव’ एवढेच शांतपणे सांगावे, बशी दाखवावी. पुन्हा फेकले तर न रागावता ताटली उचलावी आणि पुढचे खाणे ठरल्या वेळीच द्यावे. मुलाचे वजन वाढतच नसेल किंवा त्याला गिळताना त्रास होत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

राहिला प्रश्न सांडलेले पुसायचे कोणी. मुलाला मोकळीक द्यावी असा उपदेश करणे सोपे असते, आणि ओणवे होऊन फरशीवरचा वाळलेला भात खरवडण्याचे काम बहुधा आईच्या, नाहीतर सकाळी येणाऱ्या मावशींच्या वाट्याला जाते. हे अन्यायाचे आहे. ज्या घरात वडील फडके हाती घेतात, तेथे आईचा धीर अधिक काळ टिकतो. आणि मुलानेही त्यात लवकरच सामील व्हावे. १९४५ साली बोर्डीला जाऊन ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य उभारणाऱ्या ताराबाई मोडक ज्या माँटेसरी विचाराने प्रेरित झाल्या होत्या, त्यात झाडणे, पुसणे, पाणी ओतणे ही बालकाच्या शिक्षणाची सन्माननीय अंगे मानलेली आहेत. दीड वर्षाच्या मुलाला ओले फडके दिले, तर ते आनंदाने फरशीवर फिरवते. त्याने भात निघण्याऐवजी पसरेल, आणि मोठ्यांना मागाहून पुन्हा पुसावे लागेल, पण शिक्षा म्हणून नव्हे तर घरातले एक काम म्हणून ते त्याच्या हाती रोज द्यावे.