प्रारंभीची शिल्लक कोठे आहे?

कणकुंबीचे नाव वर्तमानपत्रात आले की पाठोपाठ टी.एम.सी.चे आकडे येतात. या एका गावच्या डोंगरातून मलप्रभा पूर्वेला निघून कूडलसंगमाला कृष्णेस मिळते, तर कळसा नाला पश्चिमेला उतरून म्हादईच्या वाटेने गोव्यात जातो. म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ व महाराष्ट्रास १.३३ टी.एम.सी. पाणी मिळाले. कर्नाटकाच्या वाट्यातील ३.९ टी.एम.सी. कळसा व भांडुरा या नाल्यांतून मलप्रभेत वळवण्यासाठी आहे. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट. हिशेब दशांशापर्यंत झाला. पण नाल्याच्या तळाशी राहणाऱ्यांचे खाते कोणत्या वहीत आहे?

ओढ्यातला दगड उलटून पाहावा. चपट्या अंगाने दगडाला चिकटलेली मेफ्लायची पिल्ले, वाळूचे कण रेशमाने सांधून घर करणाऱ्या कॅडिसच्या अळ्या, दबा धरून बसलेली चतुराची पिल्ले, गोगलगायी, कुर्ल्या. पडलेला पालापाचोळा हीच मंडळी कुरतडून बारीक करतात, आणि मासे त्यांच्यावर जगतात.

शिवाय ते पाण्याचे साक्षीदारही आहेत. बाटलीत भरलेले पाणी त्या घटकेची हकीकत सांगते; महिनोन्‌महिने तळाशी राहिलेली अळी मागचीही सांगते. म्हणून ब्रिटनमध्ये या जीवांच्या कुळांना १ ते १० गुण देण्याची पद्धत निघाली. स्वच्छ, खळाळत्या पाण्यातल्यांना १०, घाणीत तगणाऱ्या गांडूळवर्गीय कृमींना १. परंतु थंड देशाची गुणपत्रिका आपल्या पावसाळी ओढ्यांना जशीच्या तशी लागू पडेल कशी? पश्चिम घाटातील ओढ्यांवर मदुरा कॉलेजचे प्रा. के. जी. शिवरामकृष्णन यांनी अशा कीटकांचा अभ्यास केला. तसे काम प्रत्येक खोऱ्यात व्हायला हवे.

कोणी म्हणेल, हुबळी-धारवाडची माणसे तहानलेली असताना अळ्या कसल्या मोजता? तहान खरी आहे आणि पाण्याला आमचा विरोध नाही. पण माल हलवण्यापूर्वी व्यापारी गोदामाची मोजदाद करतो. प्रारंभीची शिल्लकच लिहिली नाही, तर उद्या तूट किती आली हे कोण सिद्ध करणार? मग वाद होईल, पण पुरावा कोणाकडेच नसेल.

मोजणीला फार खर्च नाही. एक फूट लांब-रुंद चौकट तळावर ठेवायची, तीतले दगड जाळीपुढे चोळायचे, जाळीत आलेले जीव ओळखून मोजायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. पावसाळा ओसरल्यावर एकदा, उन्हाळ्यात एकदा, दरवर्षी त्याच जागी. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी ओळख शिकवावी. वही आम्ही वाणिज्यवाले सांभाळू. मराठीत कुर्ली, कन्नडात एडी; यादीत दोन्ही नावे लिहू आणि ती याच अंकाच्या दोन्ही विभागांत छापू.

— एक विद्यार्थी, बी. कॉम., वर्ष दुसरे