पिशवीतले कागद आणि एक नवं शिक्षण

गेल्या आठवड्यात ओळखीतली एक मुलगी वडिलांसोबत घरी आली. बीएस्सी नर्सिंग झालंय. पुढे मेडिकल इन्फर्मेटिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं म्हणते. घरच्यांचा एकच प्रश्न, "मगे तू डॉक्टर होतलंस की कॉम्प्युटरवाली?" वडील म्हणाले, तुम्ही पत्रकार, तुम्हीच समजवा. मी समजावलं, पण वडिलांना.

कारण मला आईची ती रात्र आठवली. तिला जिल्ह्याबाहेर हलवायला सांगितलं, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत कागद भरून निघालो. जुना ईसीजी मिळालाच नाही. तपासण्या परत, पैसे परत, वेळ गेला तो वेगळाच. आपल्या खारेपाटणात रट्टराजाचा शके ९३०चा, म्हणजे इ.स. १००८चा ताम्रपट सापडला, म्हणून शिलाहारांची वंशावळ आज वाचता येते. हजार वर्षांपूर्वीचे राजे माहीत, पण आईला गेल्या वर्षी कुठली गोळी चालू होती ते सांगता येईना!

रुग्णाची माहिती योग्य वेळी योग्य माणसाला मिळावी आणि भलत्याच्या हाती पडू नये, याचं हे शास्त्र. नुसती एण्ट्री मारणं नव्हे. आजारांचे संकेतांक, संख्याशास्त्र, डेटाबेस, गोपनीयता, सगळं त्यात येतं.

कोणी म्हणेल, आभा कार्ड आलंय की! बरोबर. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ला देशभर सुरू झालं, १४ आकडी नंबर मिळाला. पण त्या नंबराला नोंदीच जोडल्या नाहीत, तर नंबर घेऊन काय करायचं? २०१६ मध्ये दोडामार्गात माकडताप आला होता. असा तापाचा एक रुग्ण गावच्या डॉक्टरकडे, दुसरा गोव्यात, तिसरा कोल्हापुरात गेला, तर साथ आलीय हे कळणार कोणाला? नोंदी एकत्र वाचणारं माणूस लागतं. आणि त्या सांभाळणारंही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या रुग्णालयाचं काम कित्येक दिवस कागदावर आलं होतं.

शिकायची सोय आहे. मुंबई आयआयटीत कोईटा सेंटर फॉर डिजिटल हेल्थ आहे, लखनऊच्या संजय गांधी पीजीआयमध्येही हा विषय आहे. नर्सिंगवाल्या मुलीला वॉर्ड माहीत असतो, ही तिची जमेची बाजू. मात्र प्रवेश घेण्याआधी पात्रता, फी आणि शिकून गेलेल्यांना कुठे काम मिळालं, हे नीट विचारून घ्या. नुसत्या नावावर भुलू नका.

आता स्पष्टच बोलतो. मुलगी शिकेल, पण परत येईल का? ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, चांगलंच झालं. तिथे आणि तालुक्याच्या रुग्णालयांत या कामासाठी शिकलेल्या माणसाची कायम जागा हवी. कंत्राटी ऑपरेटर बसवून हे होणार नाही. जागा नसेल, तर आपली पोरं पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत जातील आणि आपण पिशवी घेऊन फिरत राहू. निवडणुकीत मतं मागायला येतील त्यांना एवढं तरी विचारा.

वडील तयार झालेत. तुमच्या घरात कोणी या वाटेवर असेल तर खाली लिहा, त्या पोरीला उपयोग होईल.