हौसेचे मोल कुणी भरायचे?

पणजी, मडगाव, म्हापसा या शहरांतील सदनिकांत आणि त्यांच्या आसपासच्या वसाहतींत आखूड पायांचा, लांबट अंगाचा, लोंबत्या कानांचा एक कुत्रा हौसेने पाळलेला दिसतो. त्याचे नाव डॅशहुंड. घर लहान म्हणून कुत्राही लहान, असा सरळ हिशेब करून लोक त्याला घरी आणतात. हौसेला आमचा विरोध नाही. मुलांना मुक्या जिवाचा लळा लागावा, वडीलधाऱ्यांच्या एकटेपणाला सोबत मिळावी, यात वावगे काय? परंतु जी हौस दुसऱ्या जिवाच्या आयुष्याशी बांधलेली आहे, तिचा हिशेब एवढ्यावर संपत नाही.

हा कुत्रा शोभेसाठी घडविलेला नव्हे. जर्मन भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. जमिनीखाली बिळे करून राहणाऱ्या बॅजरच्या मागे आत शिरून त्याच्याशी एकट्याने झुंजावे, यासाठी जर्मन शिकाऱ्यांनी ही जात पिढ्यान् पिढ्या वाढविली. १८८८ साली तिची स्वतंत्र संस्था तेथे स्थापन झाली आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे बोधचिन्हही हाच कुत्रा होता. शौर्य, हट्ट, खणण्याची खोड आणि आकाराला न शोभणारा भारदस्त आवाज हे सर्व त्या शिकारी वारशातून आले आहे. शेजारच्या कोंबड्यांमागे तो धावला किंवा परसातील फुलझाडे त्याने उकरली, तर तो त्याचा स्वभाव आहे, अपराध नव्हे. पावसाळ्यात बिळे शोधत परसात हिंडणाऱ्या अशा कुत्र्याची गाठ सापाशी पडू शकते, हेही गोव्यातील मालकाने विसरू नये.

खरे संकट मात्र त्याच्या पाठीत आहे. ज्या आनुवंशिक बदलामुळे त्याचे पाय आखूड झाले, तशाच प्रकारच्या बदलामुळे त्याच्या मणक्यांमधील गाद्या लहान वयातच सुकून कडक होतात. मग एखादी साधी उडीही पुरते. गादी सरकते, मज्जारज्जू दाबला जातो आणि मागचे पाय लुळे पडतात. दर चार-पाच डॅशहुंडांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हे दुखणे गाठते, असा पशुवैद्यकांचा अनुभव आहे. आमच्या घरांतील उंच सोपे, पायऱ्या आणि गुळगुळीत फरशा या सर्व गोष्टी त्याला घातक. त्याला उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागील भागाखाली द्यावा, पट्टा गळ्याऐवजी छातीभोवती बांधावा आणि वजन वाढू देऊ नये, एवढे तरी घरातील लहानथोरांना ठाऊक असले पाहिजे. पण लाड म्हणून ताटातील घास पुढे करण्याची आमची सवय सुटत नाही. कांदा, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासमान आहेत. चतुर्थीच्या फराळातला मनुके घातलेला लाडू प्रेमाने भरविणारा हात नकळत त्याचा घात करतो.

दुसरा प्रश्न काळाचा. हा कुत्रा बारा ते पंधरा वर्षे जगतो. पाचवीतल्या मुलाच्या हट्टाखातर आणलेले पिल्लू, तो मुलगा पुण्याला वा बंगळूरला शिकायला निघतो तेव्हा ऐन मध्यवयात असते. त्यापुढची वर्षे त्याचे खाणे, त्याचे औषध आणि त्याची लुळी पडू शकणारी पाठ कोणी सांभाळायची, हे पिल्लू घरात येण्यापूर्वी ठरले पाहिजे. ते न ठरल्यास काय होते, हे बाजाराच्या कडेला आणि समुद्रकिनारी सोडून दिलेले जातिवंत कुत्रे सांगतात. आखूड पायांचा हा जीव भटक्यांच्या टोळीत कसा टिकणार?

कायदा याबाबत मुका नाही, पण त्याचे दात पडलेले आहेत. उपासमार वा तहान ओढवेल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याची शिक्षा म्हणजे दहा ते पन्नास रुपये दंड! २०१७ च्या नियमांनी कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांखालील पिल्ले विकण्यास मनाई केली. हे नियम कागदावर राहू नयेत. नोंदणीपत्र विचारल्याशिवाय आणि आईबापांना पाठीचे दुखणे होते की काय, याची चौकशी केल्याशिवाय एकाही सुज्ञ ग्राहकाने पिल्लू घेऊ नये. २०१४ पासून झालेल्या व्यापक लसीकरणामुळे २०२१ मध्ये आमचे राज्य ‘रेबीज नियंत्रित’ म्हणून जाहीर झाले. ती कमाई राखायची तर पाळीव कुत्र्यांची नोंद आणि लसीकरण यांबाबत नगरपालिका व पंचायतींनी ढिलाई करता कामा नये. राज्यकर्त्यांनी दंडाची ती हास्यास्पद रक्कम वाढविण्याचा आग्रह केंद्राकडे धरावा.

श्रीदत्ताच्या चरणांशी आम्ही चार श्वान पाहतो आणि हात जोडतो. महाभारतातील धर्मराजाने तर, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून येत असाल तरच स्वर्ग, ही अट नाकारली. त्या कथेचा अर्थ पूजेपुरता नाही. जो आपल्या भरवशावर चालत आला, त्याला वाटेत सोडू नये, एवढाच तो आहे. पंधरा वर्षे हे वचन पाळण्याची तयारी असेल, त्याने डॅशहुंड अवश्य पाळावा. ज्याची नसेल त्याने ती हौस चित्रावर भागवावी. त्यात कोणाचीच पाठ मोडत नाही.