साइडबोर्डाला अडगळ म्हणणाऱ्यांस

धरमपेठेतला बंगला पाडून सदनिका उठल्या, की पहिला बळी जातो जेवणघरातल्या सागवानी साइडबोर्डाचा! तो फुकापासरी विकायचा आणि सागाचे चित्र छापलेला कागद चिकटवलेले, भुशाच्या फळीचे ‘अँटिक’ कपाट हप्त्याने आणायचे. ही कसली हौस? साइडबोर्ड मूळचा साहेबी खरा. पण काट्या-सुऱ्यांच्या जागी आपण चिवडा-चकल्यांचे डबे ठेवले नि तो घरचा झाला. शिवाय आलापल्लीच्या सागाला वाळवी सहसा शिवत नाही. सांधा हलला तर सुतार तो पुन्हा बसवतो, वर चपड्याच्या पॉलिशाचा एक हात. पाण्याने फुगलेली भुशाची फळी कोण सुधारणार? जागा नाही म्हणता? मग टीव्ही त्यावरच ठेवा की!