कापलेला पगार

फ्रेंच माणूस म्हटला की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे ठरलेलं चित्र येतं: काखेत लांबुडका पाव, कपाळावर आठी आणि तोंडी सदा संपाची भाषा. एरवी या संपांना नावं ठेवणारे कितीतरी जण 2023च्या मार्चमध्ये पॅरिसची दृश्यं पाहून भारावले. निवृत्तीचं वय 62 वरून 64 करण्याचा कायदा सरकारने घटनेच्या कलम 49.3च्या आधारे, नॅशनल असेंब्लीत अंतिम मतदान न घेताच पुढे रेटला होता. त्याविरुद्ध सफाई कामगारांनी केलेल्या संपामुळे शहरात हजारो टन कचरा साचला होता.

हे कौतुक खरं असलं, तरी मला ते अपुरं वाटतं. संप फ्रेंचांच्या रक्तातच असतो, असं म्हटलं की त्याची किंमत दिसेनाशी होते. तिथे दहा कामगारांमागे जेमतेम एक जण संघटनेचा सभासद आहे. संपाचा हक्क 1946च्या घटनेच्या प्रास्ताविकेत आहे, पण संपाच्या दिवसांचा पगार कापला जातो आणि घरभाडं काही थांबत नाही. पॅरिसच्या सफाई कामगारांचं निवृत्तीचं वय 57 वरून 59 होणार होतं. आयुष्यभर पहाटे उठून कचऱ्याचे डबे ओढणाऱ्या माणसाला ती दोन वर्षं किती जड, हे त्यालाच माहीत. पगार कापला जात असूनही ते कामगार तीन आठवडे लढले.

अशा आंदोलनांपुढे सरकारने 1995 साली माघार घेतली होती, 2006 सालीही. 2023च्या एप्रिलमध्ये मात्र कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली.