रायचं कुठी?

महिन्यातून एकदा तरी आपल्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. नाकात नळी असलेलं लहान मूल, खाली ठळक अक्षरात 'ब्लड कॅन्सर', त्याखाली लाखांतला आकडा आणि क्यूआर कोड. आपण पाचशे-हजार पाठवतो, हात जोडलेली इमोजी टाकतो आणि परत कॉलवर जातो. या पाचशे रुपयांबद्दल माझी काही तक्रार नाही. देणारा माणूस मनाने चांगलाच असतो. पण लहान मुलांच्या कॅन्सरसाठी पैसे देताना आपल्या डोक्यात जे चित्र असतं ते अर्धवट आहे, असं माझं पक्कं मत झालंय. आजचा शनिवार त्यासाठी.

आपल्या डोक्यात साधारण दोन गोष्टी असतात. एक म्हणजे महागडं औषध. दुसरी म्हणजे पांढरा कोट घालून मायक्रोस्कोपमध्ये डोकावणारा शास्त्रज्ञ. दोन्ही खऱ्या आहेत. पण तिसरी एक गोष्ट असते आणि तिचा फोटो काही चांगला येत नाही. एक स्वच्छ खोली, महिन्याचा किराणा, रेल्वेचं तिकीट, आणि "उद्या तारीख आहे, येताय ना?" असा एक फोन. माझं म्हणणं एवढंच आहे की या तिसऱ्या गोष्टीवरही मुलं जगतात. आणि तिच्यासाठी पैसे द्यायला आपण फारच कमी उत्सुक असतो.

आधी संशोधनाचं, कारण त्याचं श्रेय कुठेच कमी होत नाही. १९४८ साली बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यातल्या १० मुलांना काही काळ तरी बरं वाटलं. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच साली बोस्टनमध्ये 'जिमी फंड' नावाचा लोकवर्गणीचा निधी सुरू झाला. आणि आपल्याकडे? लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या आणि १९३२ साली त्यांच्या नावाने ट्रस्ट झाला, तो थेट ल्युकेमियाच्या संशोधनाला मदत करण्यासाठीच. म्हणजे या आजारावरच्या संशोधनाला दान देणं ही काही परवा अमेरिकेतून आलेली फॅशन नव्हे.

या सगळ्याचा परिणाम असा, की ज्या आजारात मूल काही महिन्यांत जायचं, त्यातून श्रीमंत देशांत आज दहापैकी आठाहून जास्त मुलं बरी होतात. गरीब देशांत मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या मते हे प्रमाण तिसापेक्षाही कमी टक्के असू शकतं. मूलभूत औषधं बरीचशी तीच आहेत. मेथोट्रेक्सेट, व्हिन्क्रिस्टीन, ६-एमपी... यातली बरीच कित्येक दशकं जुनी, पेटंट केव्हाच संपलेलं. मग फरक कुठे पडतो? निदानाला उशीर, इन्फेक्शन, तज्ज्ञांची कमतरता अशी बरीच कारणं आहेत. पण एक कारण असं आहे की ते ऐकून माझ्यातला इंजिनीअर जागाच झाला. उपचार अर्धवट सोडणे. डॉक्टर मंडळी त्याला 'अबँडनमेंट' म्हणतात. आपल्या भाषेत ड्रॉप-ऑफ.

एक सोपा हिशोब करू. आकडे फक्त समजण्यापुरते घेतलेत हं. समजा १०० मुलं उपचाराला आली. जी उपचार पूर्ण करतात त्यांतली ८० टक्के बरी होतात. पण २० मुलं मध्येच निघून जातात. राहिली ८०, त्यातली बरी झाली ६४. (अर्धवट सोडलं की ल्युकेमिया बहुधा परततोच, म्हणून गेलेली वीस धरलेली नाहीत.) आता भरपूर खर्च करून उपचार सुधारला आणि ८० चे ८५ टक्के केले, तर बरी होणार ६८. त्याऐवजी औषध तेच ठेवलं आणि निघून जाणारी मुलं वीसवरून पाचवर आणली, तर बरी होणार ७६. चारच्या जागी बारा मुलं जास्त. आणि त्यासाठी एकही नवीन रेणू शोधावा लागला नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मुलांच्या कॅन्सर विभागात २००९ साली साधारण २० टक्के मुलांचे आईबाप उपचार नाकारत किंवा मध्येच सोडून जात होते. मग तिथे समाजसेवक, राहण्याची सोय, आहार, पैशांची जुळवाजुळव आणि तारीख चुकलेल्या प्रत्येक कुटुंबाला शोधून फोन करणं असं सगळं एकत्र बांधण्यात आलं. यासाठी विभागाशी जोडलेलं 'इम्पॅक्ट फाउंडेशन' आहे. २०१६ पर्यंत ते प्रमाण साधारण पाच टक्क्यांवर आलं. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी आधी मोजलं. कोण आलं नाही, का आलं नाही, याची नोंद ठेवली. हेही संशोधनच आहे की! फक्त त्यात मायक्रोस्कोपच्या जागी टेलिफोन आहे.

आता जरा वऱ्हाडात येऊ. मी अमरावतीचा, आजोळ अकोल्याचं, नोकरी पुण्यात. गेल्या वर्षी आजोळच्या ओळखीतल्या एका शेतमजूर कुटुंबातल्या पाच वर्षांच्या पोरीला ल्युकेमिया निघाला. डॉक्टरांनी मुंबईला जा म्हणून सांगितलं. मी आपला फोनवर मोठ्या उत्साहाने तिच्या बापाला सरकारी योजना समजावत होतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. (२०१२ साली ही योजना राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यात आपली अमरावती होती, बरं का.) रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट फुकट, सोबतच्याला पाऊण सवलत. बापाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दवाई त फुकट भेटन भाऊ, पन रायचं कुठी? अन् घरचं कोन पाहीन?"

माझ्याजवळ पटकन उत्तर नव्हतं. कारण प्रश्न बरोबर होता.

या आजाराचा उपचार दोन-अडीच वर्षांचा. पहिले सहा-आठ महिने तर फारच कडक. किमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात आणि तेव्हा ताप आला तर ती इमर्जन्सी असते, तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. अकोला ते मुंबई रेल्वेने पावणेसहाशेच्या वर किलोमीटर. रात्री दोनला पोरीचं अंग तापलं तर 'सकाळच्या गाडीने निघू' म्हणता येत नाही. म्हणजे हॉस्पिटलजवळ राहणं ही काही चैन नाही, तो उपचाराचाच भाग आहे. आणि बाप मुंबईत बसला की मजुरी बुडते. आपण महिने मोजतो, तो हंगाम मोजतो. दोन वेळा सोयाबीनची सोंगणी, दोन वेळा कापसाची वेचणी. घरी दुसरं लेकरू असतं, म्हातारी माय असते. अशात तिसऱ्या महिन्यात पोरगी खेळायला लागली, गालावर रंग आला, की 'आता बरी झाली' म्हणून कुटुंब गावी परततं. त्यांना अडाणी म्हणायची घाई करू नका. डोक्यावर छप्पर नसताना आपणही हेच केलं असतं.

नेमकी हीच गोष्ट ओळखून २००६ साली मुंबईत निहाल आणि श्यामा कविरत्ने यांनी 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' सुरू केलं. बाहेरगावाहून उपचाराला आलेल्या मुलाला आणि आईबापांना फुकट राहायला जागा. प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र जागा, सामायिक स्वयंपाकघर, शिधा, हॉस्पिटलला नेण्या-आणण्याची सोय, मुलांची शाळा, समुपदेशन. आज देशातल्या बऱ्याच शहरांत त्यांची केंद्रं आहेत. मुलांच्या आहाराचं काम 'कडल्स फाउंडेशन' करतं, कारण कुपोषित मुलाला किमो झेपत नाही. बऱ्या झालेल्या मुलांसाठी टाटामध्ये १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे आणि २००९ पासून अशा बऱ्या झालेल्यांचा 'उगम' नावाचा गटही आहे. आपल्या त्या पोरीलाही मुंबईत एक खोली मिळाली. ती अजून उपचार घेतेय. गोष्ट संपलेली नाही, म्हणून मी तिच्यावर काही शिक्का मारत नाही.

खरं तर 'रायचं कुठी' या प्रश्नाचं उत्तर आपल्याच मातीतल्या एका माणसाने फार आधी शोधलं होतं. जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, लहानपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे. गाडगेबाबा! हातात झाडू घेतलेले बाबा आपल्याला आठवतात, पण बाबांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या हे पटकन आठवत नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे यात्रेकरूंसाठी, आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज टाटाच्या कॅन्सर पेशंटना आसरा देते. शाळेत न गेलेल्या माणसाला कळलं होतं की आजारी माणसाबरोबर एक निरोगी माणूसही फुटपाथवर येतो. आपण चार वर्षं इंजिनीअरिंग करून अजून क्यूआर कोडवरच आहोत.

आता नेहमीचे आक्षेप. पहिला, "हे सरकारचं काम आहे." आहेच. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, आता नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, म्हणजे आपल्या लोकांना मुंबईच गाठली पाहिजे असं नाही. माझं तर म्हणणं आहे की मोठ्या केंद्राच्या सल्ल्याने अकोला-अमरावतीतच उपचाराचा शेवटचा, सौम्य टप्पा व्हावा. एक प्रशिक्षित नर्स, एक बालरोगतज्ज्ञ आणि रक्ततपासणी एवढ्यावर कितीतरी फेऱ्या वाचतील. हे सरकारकडे मागत राहू. पण आज तापलेली पोरगी निविदा उघडेपर्यंत थांबत नाही.

दुसरा आक्षेप, "संस्था पगारावरच पैसे उडवतात." हिशोब जरूर बघा. वार्षिक अहवाल, ऑडिट, सगळं बघा. पण ज्या बाईने चाळीस फोन करून एक कुटुंब परत आणलं तिचा पगार म्हणजे वायफळ खर्च नव्हे, तेच तर काम आहे. आपण स्वतः पगार घेतोच ना?

तिसरा आक्षेप कोणी बोलत नाही, पण असतो. नव्या कर-प्रणालीत ८०-जीची वजावट मिळत नाही. मग काय, नाही मिळत! पोरीच्या खोलीचं भाडं आपल्या फॉर्म सोळावर अवलंबून असावं का?

तर मंडळी, माझं मागणं साधं आहे. तो मेसेज आला की जरूर द्या, फक्त मूल खरं आहे का याची खात्री करून. पण त्याशिवाय दर महिन्याला, ठरावीक तारखेला, ठरावीक रक्कम एका संस्थेला जाऊ द्या. ऑटो-पे लावा आणि विसरून जा. एकरकमी पाच हजारांपेक्षा दरमहा पाचशे संस्थेला जास्त उपयोगी, कारण खोलीचं भाडं आणि समाजसेवकाचा पगार दरमहा द्यावा लागतो. अर्धे संशोधनाला आणि अर्धे राहण्या-खाण्याला दिलेत तरी उत्तम. आणि अमरावती-अकोल्याचे असाल तर आणखी एक करा. गावाकडून कोणाचं लेकरू असं मुंबई-नागपूरला निघालंय असं कळलं, तर पैसे पाठवायच्या आधी फोन करा आणि विचारा, राहायची सोय झाली का? नसेल झाली तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जायला सांगा. बरेच जण तिथे फार उशिरा पोचतात.